गिऱ्हाइकाचे बारा रुपये आणि नेट न्यूट्रॅलिटी: छोट्या व्यावसायिकाने हा वाद का समजून घ्यावा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण "स्वतःची वेबसाइट की फक्त इन्स्टाग्राम" या प्रश्नावर बोललो. त्यात नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द मी वापरला आणि दोन मिनिटांत पुढे गेलो. नंतर इंदापूरच्या बॅचमध्ये एका ताईंनी मला तिथंच पकडलं. म्हणाल्या, "सर, हे मोबाईल कंपन्या आणि सरकारचं भांडण. मी शेंगदाण्याची चटणी आणि येसूर विकते. माझा काय संबंध?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर द्यायला मला माझ्या दुकानातली एक जुनी, थोडी लाज वाटणारी गोष्ट सांगावी लागेल. मग तो वाद काय होता, काय ठरलं, आणि आज तुम्ही काय करायचं, ते बघू. चहा घेऊन बसा, विषय थोडा लांब आहे.

माझी अठरा हजारांची वेबसाइट

२०१५ सालची गोष्ट. बीबीए झालं होतं आणि मी बारामतीत वडिलांच्या पॅकिंग मटेरियलच्या दुकानात बसायला लागलो होतो. खोकी, पाऊच, सेलोटेप, लेबलं, डाळिंबाचे आणि द्राक्षांचे बॉक्स, असा आमचा माल. निम्मी गिऱ्हाइकं इंदापूर तालुक्यातली. भाव सारखे बदलायचे आणि सीझनला दिवसाला तीस-चाळीस फोन नुसते भाव विचारायला यायचे. गल्ल्यावर बसायचं की फोन उचलायचे?

मी ठरवलं, वेबसाइट काढायची. रोजचे भाव तिथं टाकायचे, गिऱ्हाइकाने बघायचे, ऑर्डरपुरता फोन करायचा. वडील म्हणाले, "कशाला हे?" तरी अठरा हजार खर्च करून साइट केली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना लिंक पाठवली.

तीन आठवडे झाले, फोन काही कमी होईनात. मग एक दिवस भिगवणकडचे एक बागायतदार आण्णा दुकानात आले. गल्ल्यासमोर उभे राहून म्हणाले, "अरे, तुझी ती निळी ओळ दाबली आन् माझे बारा रुपये गेले. वर भाव दिसलाच नाही. त्यापेक्षा फोन बरा बाबा."

मी त्यांचा मोबाईल हातात घेतला. झालं होतं असं, की आण्णांनी फक्त व्हॉट्सअ‍ॅप चालणारा स्वस्त पॅक मारला होता. त्या काळात असे पॅक सर्रास मिळायचे: एक व्हॉट्सअ‍ॅपचा, एक फेसबुकचा. त्या अ‍ॅपमध्ये कितीही बोला, पैसे जात नाहीत. पण त्यातली लिंक दाबली की तुम्ही पॅकच्या बाहेर. मग मेन बॅलन्समधून पैसे कट. साइट जड होती, फोटो भरपूर, बारा रुपये गेले.

लक्षात घ्या, माझी वेबसाइट कुणी बंद केली नव्हती. ती चोवीस तास चालू होती. फक्त तिच्या दाराशी यायला गिऱ्हाइकाला पैसे पडत होते आणि शेजारच्या दारात फुकट प्रवेश होता. एवढं पुरेसं होतं.

मी काय केलं? दुसऱ्या दिवसापासून भावाच्या पाटीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला लागलो. ते चाललंसुद्धा. म्हणजे त्या पॅकचा मला फायदा झाला हेही खरं. पण माझं सगळं गिऱ्हाईक एका कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बसलं, आणि ते माझ्या हुशारीमुळे बसलं नव्हतं, रिचार्जच्या दरामुळे बसलं होतं.

टोलनाका आणि कालवा

आता नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे काय ते आपल्या भाषेत समजून घेऊ. हा शब्द २००३ मध्ये टिम वू या अमेरिकन कायद्याच्या प्राध्यापकांनी रूढ केला. मराठीत इंटरनेट तटस्थता म्हणू शकता. अर्थ साधा आहे: इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने तिच्या तारेतून किंवा टॉवरवरून जाणाऱ्या सगळ्या मजकुराला सारखं वागवायचं. कोणाची साइट आहे, कोणाचं अ‍ॅप आहे, हे बघून दर, वेग किंवा प्रवेश बदलायचा नाही.

पुणे-सोलापूर हायवेवर इंदापूरजवळ सरडेवाडीचा टोलनाका आहे. तिथं टोल कशावर ठरतो? गाडीवर. कारला वेगळा, ट्रकला वेगळा, मोठ्या कंटेनरला वेगळा. पण ट्रकमध्ये कोणाचा माल आहे, हे टोलवाला विचारत नाही. आत तुमची डाळिंबं असोत नाहीतर एखाद्या मोठ्या कंपनीचा शाम्पू, टोल तोच.

समजा, उद्या टोलवाल्याने मोठ्या कंपनीशी करार केला: "तुमचे ट्रक फुकट सोडतो, वर वेगळी लेनही देतो, वर्षाला एवढे पैसे द्या." मग तुमचा छोटा टेम्पो उरलेल्या लेनमध्ये रांगेत उभा. माल चांगला असून तुम्ही बाजारात उशिरा पोचणार आणि महाग पडणार. इंटरनेटवर असं होऊ नये, एवढंच नेट न्यूट्रॅलिटी म्हणते. जास्त डेटा वापरला तर जास्त पैसे द्या, ते मान्य. पण कोणाचा डेटा, यावर दर नको.

वेगाचं समजायला दुसरं उदाहरण घ्या. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की बारामतीकडून पाणी इंदापूरकडे जातं. टेलच्या शेतकऱ्याला विचारा, कागदावर पाणी सगळ्यांचं असलं तरी हेडला जास्त उचललं गेलं की टेलला काय पोचतं. म्हणून तर पाळी टेलकडून धरावी अशी मागणी होते. इंटरनेटच्या कालव्यात आपण छोटे व्यावसायिक सगळे टेललाच आहोत. वाटप सारखं ठेवायचा नियम हेडवाल्यापेक्षा टेलवाल्याच्या जास्त कामाचा असतो.

एका अंत्यविधीवाल्याची गोष्ट

ही भीती आजची नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये अल्मन स्ट्राउजर नावाचा एक माणूस अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. तेव्हा टेलिफोन ऑपरेटर हाताने जोडून द्यायची. गोष्ट अशी सांगतात, की तिथली ऑपरेटर ही त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि स्ट्राउजरला आलेले फोन ती नवऱ्याकडे जोडायची. दुःखात असलेलं घर दुसऱ्यांदा फोन कशाला लावेल? गिऱ्हाईक गेलं.

स्ट्राउजर नुसता कुरकुरत बसला नाही. ऑपरेटरशिवाय फोन जोडणारं यंत्र त्याने तयार केलं आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पुढे टेलिफोनची ऑटोमॅटिक एक्स्चेंजेस याच कल्पनेवर उभी राहिली. ऑपरेटरच्या जागी आज मोबाईल कंपनी बसली आहे, एवढाच फरक. आणि प्रत्येक दुकानदाराला असं यंत्र बनवता येत नाही, म्हणून नियम लागतो.

भारतात वाद कसा पेटला

तारखा मुद्दाम देतोय, कारण पुष्कळांना हा सगळा प्रकार अर्धवट आठवतो.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने जाहीर केलं, की स्काइप, व्हायबर अशा अ‍ॅपवरून इंटरनेट कॉल करायला वेगळे पैसे पडतील. लोक भडकले. काही दिवसांतच कंपनीने तो निर्णय मागे ठेवला. मग २७ मार्च २०१५ ला दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, याने एक चर्चापत्र काढलं. शंभरावर पानं, वीस प्रश्न, विषय असा की इंटरनेटवरच्या अ‍ॅपना नियमात आणायचं का आणि कसं. लोकांकडून मतं मागवली.

एरवी असली पत्रं कोण वाचतं? पण या वेळी काही स्वयंसेवकांनी ते सोप्या भाषेत मांडलं, 'सेव्ह द इंटरनेट' नावाची मोहीम उभी राहिली, एआयबी या विनोदी ग्रुपने व्हिडिओ केला, आणि ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेल्या. त्याच एप्रिलमध्ये 'एअरटेल झीरो' आलं. त्यात अ‍ॅपवाली कंपनी एअरटेलला पैसे देणार आणि गिऱ्हाइकाला ते अ‍ॅप फुकट चालणार. फ्लिपकार्ट त्यात सहभागी होण्याची बोलणी करत होती. लोकांनी फ्लिपकार्टच्या अ‍ॅपला एक-एक स्टार द्यायला सुरुवात केली आणि १४ एप्रिलला कंपनीने माघार घेतली.

व्यावसायिक म्हणून इथं थांबून विचार करा. फ्लिपकार्टला असं पॅकेज परवडलं असतं. पण तिच्याशी स्पर्धा करू बघणाऱ्या, नुकत्याच सुरू झालेल्या छोट्या ऑनलाइन दुकानाला? गिऱ्हाईक फुकटचं दुकान सोडून पैसे पडणाऱ्या दुकानात का येईल? आण्णा नाही आले माझ्याकडे.

फ्री बेसिक्स आणि महाराष्ट्रातला शेतकरी

दुसरी बाजू फेसबुकची. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग भारतात आणलं. (ही अनिल अंबानींची कंपनी. जिओ वेगळी, घोळ करू नका.) सुरुवातीच्या मोजक्या राज्यांत आपला महाराष्ट्र होता. सिम असेल तर निवडक तीसेक साइट फुकट, बाकी इंटरनेटला पैसे. सप्टेंबरमध्ये त्याचंच नाव 'फ्री बेसिक्स' झालं.

त्यांचं म्हणणं मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो, कारण ते अगदीच फालतू नव्हतं. ज्याच्याकडे काहीच इंटरनेट नाही, त्याला थोडं तरी मिळू द्या. वाचनालयात सगळी पुस्तकं नसतात, तरी वाचनालय उपयोगी असतंच. २८ डिसेंबर २०१५ ला मार्क झुकरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला. त्यात उदाहरण कोणाचं होतं माहितीये? महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं. तो या सेवेवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो आणि त्याचा फायदा झाला, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी तेव्हा दुकानात बसून विचार करत होतो. शेतकऱ्याला बाजारभाव दिसणार, ही चांगलीच गोष्ट. पण त्याला माझ्या बॉक्सचे भाव दिसतील का? त्यासाठी मला फेसबुकच्या तांत्रिक अटींत बसणारी साइट करावी लागणार होती. व्हिडिओ नको, जड फोटो नकोत, आणि आत घ्यायचं की नाही ते फेसबुक बघणार. बारामतीतल्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला स्वतःचा माल दाखवायला कॅलिफोर्नियातल्या कंपनीची परवानगी घ्यायची. आज ते दयाळू असतील. उद्या अटी बदलल्या तर?

मोबाईल कंपन्यांचंही एक म्हणणं होतं. टॉवर आम्ही उभे केले, स्पेक्ट्रमला आम्ही कोट्यवधी मोजले, आणि आमच्या रस्त्यावर अ‍ॅपवाले फुकट धंदा करतात. यातला खर्चाचा भाग खरा आहे. पण "फुकट" हा शब्द खरा नाही. डेटाचे पैसे गिऱ्हाईक देतंच होतं. आण्णांनी बारा रुपये मोजलेच होते की.

८ फेब्रुवारी २०१६

९ डिसेंबर २०१५ ला ट्रायने दुसरं चर्चापत्र काढलं, या वेळी नेमकं: वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळा डेटा दर लावू द्यायचा का? फेसबुकने पानभर जाहिराती दिल्या, होर्डिंग लावली, आणि आपल्या वापरकर्त्यांना एका क्लिकवर ट्रायला तयार मजकूर पाठवायची सोय करून दिली. लाखो संदेश गेले. ट्रायने मात्र आक्षेप घेतला, की या साचेबंद संदेशांत आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी तुमच्या कामाला येणार आहे.

८ फेब्रुवारी २०१६ ला निकाल आला. आर. एस. शर्मा तेव्हा ट्रायचे अध्यक्ष होते. नियम असा: मजकूर कोणता आहे यावरून कुठल्याही कंपनीने डेटाचा दर कमी-जास्त करायचा नाही. मोडला तर दिवसाला ५०,००० रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. आणीबाणीच्या सेवेला सूट. आधीच विकलेले पॅक जास्तीत जास्त सहा महिने चालणार. तीन दिवसांनी फेसबुकने भारतातलं फ्री बेसिक्स बंद केलं. आण्णांचा तो पॅकही गेला.

हा नियम दरापुरता होता. वेग आणि अडवणूक यांचं काय? नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने त्यावर शिफारशी दिल्या आणि २०१८ मध्ये सरकारने त्या मान्य करून कंपन्यांच्या परवान्याच्या अटींत आणल्या: कोणाची साइट अडवायची नाही, मुद्दाम हळू करायची नाही, कोणाला खास वेग द्यायचा नाही. रोबोटने दुरून केलेली शस्त्रक्रिया वगैरे काही खास सेवांना वेगळं ठेवलं.

मग गरिबाला स्वस्त इंटरनेट कुठून मिळणार, या प्रश्नाचं काय झालं? ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटाचे दर कोसळले. बाकीच्यांनाही उतरावं लागलं. जिओ या नियमामुळे आलं असं मी म्हणत नाही. पण एवढं दिसलं, की इंटरनेट स्वस्त करायला त्याचे तुकडे करावे लागत नाहीत. स्पर्धा दरात झाली आणि गिऱ्हाइकाला सगळं इंटरनेट मिळालं, माझ्या वेबसाइटसकट.

२०१७ च्या डाळिंब सीझनला आण्णांचा फोन आला. म्हणाले, "साइटवर जुना भाव दिसतोय, बदल की." मला एवढा आनंद कधी कुठल्या तक्रारीचा झाला नव्हता.

काय चालतं, काय नाही

बॅचमध्ये नेहमी येणारे प्रश्न पटकन घेतो.

"रिचार्जबरोबर एखादं सिनेमाचं अ‍ॅप फुकट मिळतं, ते चालतं का?" तिथं कंपनी तुम्हाला त्या अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन भेट देते. ते बघायला डेटा तुमच्याच पॅकमधून जातो, बाकी साइटसारखाच. त्यामुळे ते या नियमात बसत नाही.

"दिवसाचा डेटा संपला की नेट हळू होतं, ते?" ते सगळ्या साइटना सारखंच हळू होतं. चालतं.

"इन्स्टाग्रामने माझ्या पोस्टची रीच कमी केली, हे नेट न्यूट्रॅलिटीच्या विरुद्ध ना?" नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, म्हणून इथं जरा थांबू.

नियम रस्त्याला आहे, बाजाराला नाही

नेट न्यूट्रॅलिटी मोबाईल कंपनीला आणि ब्रॉडबँडवाल्याला लागू आहे. म्हणजे रस्त्याला. रस्त्याच्या कडेला कोणी मोठा मॉल बांधला, तर आत कोणाचं दुकान पुढे आणि कोणाचं मागे, हे मॉलचा मालक ठरवतो. इन्स्टाग्राम, अ‍ॅमेझॉन, यूट्यूब हे सगळे मॉल आहेत. तिथं तुमची पोस्ट वर जाईल की खाली, कमिशन किती, खातं कधी बंद होईल, यात या नियमाचं संरक्षण तुम्हाला नाही. त्यासाठी वेगळे कायदे आणि वेगळे वाद आहेत.

मॉलमध्ये जाऊ नका असं मी म्हणत नाही. माझा हा चॅनल स्वतः मॉलमध्येच आहे! पण संरक्षण जिथं आहे तिथं तुमचा एक छोटा का होईना, स्वतःचा गाळा हवा. ज्या रस्त्यावर नियमाने सगळे सारखे आहेत, त्या रस्त्यावर तुमचं दुकानच नसेल, तर त्या नियमाचा तुम्हाला उपयोग काय?

त्या ताईंना मी हेच सांगितलं. त्यांच्या सगळ्या ऑर्डर एका अ‍ॅपमधून येत होत्या आणि खातं एकदा नऊ दिवस बंद पडलं होतं. नेमकी दिवाळी तोंडावर. चटणी तयार, पाऊच भरलेले, आणि गिऱ्हाइकांचे नंबर सगळे त्या अ‍ॅपमध्ये अडकलेले.

वाद संपलेला नाही

अमेरिकेत बघा. तिथं २०१५ मध्ये कडक नियम आले, डिसेंबर २०१७ मध्ये ते रद्द करायचं ठरलं, २०२४ मध्ये परत आणले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने ते परत उडवले. दहा वर्षांत चार वेळा पाटी बदलली.

आपल्याकडे आता मागणी वेगळ्या नावाने येते. मोबाईल कंपन्यांची संघटना सीओएआय म्हणते, की ज्या मोठ्या अ‍ॅपमुळे सगळ्यात जास्त डेटा वाहतो, त्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा. त्याला 'फेअर शेअर' म्हणतात. ट्रायने २०२३ मध्ये अ‍ॅपच्या नियमनावर पुन्हा चर्चापत्र काढलं, तेव्हाही हा मुद्दा जोरात मांडला गेला.

ऐकायला हे न्याय्य वाटतं. मोठे आहेत, देऊ देत की. पण आपण दुकानदार आहोत, वाढलेला खर्च शेवटी कुठं जातो ते आपल्याला शिकवायला नको. वाहतूक वाढली की बॉक्सचा भाव वाढतोच. दक्षिण कोरियात नेटवर्कच्या खर्चावरून असाच वाद चालला. तिथला खर्च परवडत नाही असं सांगून ट्विच ही व्हिडिओ कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या देशातून बाहेर पडली. तिथं व्हिडिओवर पोट भरणाऱ्या लोकांना नवीन जागा शोधावी लागली. आणि एकदा "जास्त देणाऱ्याचा रस्ता" हे तत्त्व मान्य झालं, की पैसे देणाऱ्याला बदल्यात काय मिळणार, हा पुढचा प्रश्न येतोच. माझं मत सांगतो: नेटवर्कला पैसा लागतो हे खरं, तो सगळ्यांसाठी सारख्या दराने उभा करा. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण मत असलं पाहिजे.

गृहपाठ: या आठवड्यात करायच्या चार गोष्टी

१. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या आणि एक पान उभं करा. दुकानाचं नाव, माल, भाव, फोन नंबर, पत्ता. बस्स. माझ्यासारखी फोटोंनी जड साइट करू नका. रेंज कमी असलेल्या वस्तीवर, साध्या मोबाईलवर ती उघडली पाहिजे. आधी स्वतः बांधावर जाऊन उघडून बघा.

२. गिऱ्हाइकांची यादी स्वतःकडे ठेवा. नाव, गाव, नंबर, काय घेतलं. वहीत चालेल, एक्सेलमध्ये चालेल. मेसेज पाठवायच्या आधी त्यांना विचारा. अ‍ॅप बंद पडलं तरी ही यादी कोणी काढून घेऊ शकत नाही.

३. महिन्यातून एकदा तुमचं पान दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर उघडून बघा. एकावर उघडतं आणि दुसऱ्यावर उघडत नाही, असं झालं तर लगेच आरोप करू नका. आधी ज्याच्याकडे साइट ठेवली आहे त्याला विचारा, बहुतेक वेळा दोष तिथंच निघतो. तिथं सगळं ठीक असेल तर मोबाईल कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे पहिलं पत्र तिकडे टाकून वेळ घालवू नका.

४. ट्रायचं पुढचं चर्चापत्र आलं की एक पान लिहून पाठवा. कोणीही पाठवू शकतं, दुकानाचं लेटरहेडही लागत नाही. आणि आता तो मघाचा मुद्दा आठवा: साचेबंद मजकुरावर ट्रायने आक्षेप घेतला होता. म्हणून दुसऱ्याचं कॉपी करून टाकू नका. विचारलेल्या प्रश्नाला धरून तुमचा अनुभव लिहा. माझ्याकडे इतकी गिऱ्हाइकं आहेत, इतकी ऑनलाइन येतात, हा दर असा बदलला तर माझं हे नुकसान होईल. मोठ्या कंपन्यांकडे वकील आहेत. तुमच्याकडे रोजच्या गल्ल्याचा हिशोब आहे, आणि तो दिल्लीत बसून कोणाला लिहिता येत नाही.

२०१५ मध्ये मी ईमेल पाठवली नव्हती, हे कबूल करतो. मला वाटलं, माझ्या बारामतीच्या खोक्यांच्या दुकानाचं तिथं कोण ऐकणार? बारा रुपयांची गोष्ट माझ्याकडे होती आणि ती मी कोणाला सांगितलीच नाही. म्हणून आज तुम्हाला सांगतोय.

त्या ताईंचं पान आता चालू झालंय. एकच पान आहे, सहा वस्तू, प्रत्येकीचा एक हलका फोटो. परवा त्यांचा फोन आला होता, पाऊच संपलेत म्हणून. मी भाव सांगायला लागलो तर म्हणाल्या, "भाव नका सांगू सर, साइटवर बघितलाय. दोन किलो पाऊच बाजूला काढून ठेवा."

डोमेन घ्यायचं कसं, पहिल्या वर्षाचा खर्च किती येतो आणि कुठं फसायला होतं, ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवतो. तोपर्यंत गृहपाठातली दोन नंबरची यादी सुरू करा. आजच, दुकान बंद करायच्या आधी.